अडलं नेमकं कुठे? : भारतातील नवशिक्या प्रोग्रामरच्या मदतीचा इतिहास, फोरट्रानपासून पायथनपर्यंत

१. प्रस्तावना

या टिपणात आपण एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. पहिल्यांदाच प्रोग्रामिंग शिकणारा विद्यार्थी प्रोजेक्ट करताना अडला, तर आपल्या देशात त्याला मदत कोणी केली आणि कशी केली? आज असा विद्यार्थी बहुधा पायथन शिकत असतो. त्याच्या आधीची पिढी 'सी'मध्ये अडत होती आणि तिच्याही आधीची फोरट्रानमध्ये. भाषा बदलल्या, यंत्रे बदलली, पण अडणे काही सुटले नाही.

मी म्हैसूरच्या चामराजपुरम भागात राहतो आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतो. आमच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची स्थापना १९९८ साली झाली आणि त्याचे मुख्यालय बेळगावात आहे. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी मुले या विद्यापीठाच्या महाविद्यालयांत दूरदूरपर्यंत जातात. घरी मराठी, वसतिगृहात कन्नड आणि पडद्यावरचा एरर इंग्रजीत, अशी त्यांची तिहेरी कसरत असते. प्रयोगशाळेत त्यांच्या तोंडून सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे वाक्य म्हणजे "सर, रन होत नाही." या वाक्यात अडचण आहे एवढे कळते, ती कुठे आहे ते मात्र कळत नाही.

मदतीचे दोन प्रकार असतात. चिखलात रुतलेली गाडी ढकलून देणे हा एक, आणि गाडी तिथेच सोडून माणसाला उचलून मुक्कामी पोचवणे हा दुसरा. पुढील इतिहासात ज्या मदतीने लोक खरोखर शिकले, ती पहिल्या प्रकारची होती, आणि तिने प्रत्येक वेळी शिकणाऱ्याला विचारले: अडलं नेमकं कुठे? हेच या टिपणाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. यंत्र महाग होते तेव्हा

१९६०च्या दशकात भारतात संगणक मोजकेच होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'टिफरॅक' हा संगणक स्वतः बांधला होता. १९६३ साली आयआयटी कानपूरमध्ये आयबीएम १६२० हे यंत्र आले. त्यावर फोरट्रान चालत असे, आणि विशेष म्हणजे ते विद्यार्थ्यांना वापरायला मिळत असे.

त्या काळी प्रोग्राम पंचकार्डांवर छिद्रे पाडून द्यावा लागे. साधारणपणे एका कार्डावर एक ओळ. कार्डांचा गठ्ठा द्यायचा, आपली पाळी येईपर्यंत थांबायचे, मग छापील उत्तर हातात पडायचे. एखादा स्वल्पविराम चुकला की कार्ड पुन्हा आणि पाळीही पुन्हा. म्हणून गठ्ठा देण्याआधी विद्यार्थी कागदावर एकेक ओळ स्वतः चालवून बघत. कोणत्या ओळीनंतर कोणत्या व्हेरिएबलची किंमत किती झाली, याचा तक्ता मांडत. आपण ज्याला 'ड्राय रन' म्हणतो तो हाच. आज तो परीक्षेपुरता उरला असला, तरी तेव्हा ती रोजची गरज होती.

कानपूरला १९६३ पासून प्रा. वैद्येश्वरन राजारामन शिकवत होते. विद्यार्थ्यांबरोबरच बाहेरून येणाऱ्या शिक्षकांसाठी आणि शास्त्रज्ञांसाठी तिथे फोरट्रानचे छोटे, सघन अभ्यासक्रम होत. या शिकवण्यातूनच १९६९ साली त्यांचे 'प्रिन्सिपल्स ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग' हे पुस्तक आले. परदेशी पुस्तके परवडत नसताना भारतीय विद्यार्थ्याच्या हाती पडलेल्या पहिल्या प्रोग्रामिंग पुस्तकांपैकी ते एक. ज्या विद्यार्थ्याने संगणक डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता, त्याला ते पुस्तक विचार कसा मांडायचा हे शिकवत होते.

३. नागपूरचे एक पुस्तक

पुढच्या दोन दशकांत यंत्रे स्वस्त झाली. १९९०च्या दशकात इंजिनिअरिंग महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत पीसी आले, त्यांवर डॉस आणि टर्बो सी. यंत्र आता समोर होते, तरी वेळ बॅचपुरताच मिळे. घरी संगणक असणारे विद्यार्थी थोडे आणि इंटरनेट नाहीच. रात्री खोलीवर अडलेल्या मुलाने जायचे कुठे?

या प्रश्नाला सर्वांत मोठे उत्तर नागपूरहून मिळाले. यशवंत कानेटकर हे मुंबईच्या व्हीजेटीआयचे पदवीधर. त्यांनी आयआयटी कानपूरहून एम.टेक. केले आणि नागपुरात संगणक शिक्षणाची संस्था चालवली. त्यांचे 'लेट अस सी' देशभरातल्या वसतिगृहांत पोचले. आजही जुन्या पुस्तकांच्या दुकानात ते सहज सापडते. त्यातले इंग्रजी सोपे, वाक्ये छोटी आणि उदाहरणे रोजच्या जगण्यातली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या पुस्तकातले स्वाध्याय महत्त्वाचे आहेत. प्रकरणाच्या शेवटी फक्त 'प्रोग्राम लिहा' असे नसे. एका गटात छोटे प्रोग्राम देऊन त्यांचे उत्तर काय येईल असे विचारलेले असे, दुसऱ्या गटात प्रोग्राममधली चूक शोधायला सांगितलेली असे. कानपूरचा ड्राय रन इथे स्वाध्यायाच्या रूपाने घरोघरी गेला, असे म्हणता येईल. दुसऱ्याचा कोड वाचून त्यातली चूक शोधण्याचा सराव ज्याने केला, त्याला स्वतःची चूक शोधणे जड जात नाही. २०१९ साली यशवंत आणि आदित्य कानेटकर यांचे 'लेट अस पायथन' आले. एका पिढीचा 'सी'कडून पायथनकडे झालेला प्रवास या दोन शीर्षकांतच दिसतो.

मात्र पुस्तकाला एक मर्यादा असते. ते बोलते, पण ऐकत नाही. तुमची अडचण त्यात छापलेली नसेल तर पुढचा रस्ता तुमचा तुम्हीच शोधायचा.

४. पायथनचा जन्म आणि प्रश्न विचारण्याची शिस्त

याच सुमारास ॲम्स्टरडॅममध्ये एक नवी भाषा आकार घेत होती. तिथल्या सीडब्ल्यूआय या गणित आणि संगणकशास्त्राच्या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या खिडो फान रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये पायथनला सुरुवात केली. फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती त्यांनी सर्वांसाठी खुली केली. त्यापूर्वी ते त्याच संस्थेत 'एबीसी' नावाच्या भाषेवर काम करत होते. व्यावसायिक प्रोग्रामर नसलेल्यांना शिकायला सोपी जावी, हा एबीसीचा हेतू होता. महिरपी कंसांऐवजी ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, म्हणजे इंडेंटेशन, वापरून कोडचे गट पाडण्याची पद्धत पायथनने एबीसीकडून घेतली. नवशिक्याचा विचार हा असा या भाषेच्या घडणीतच आहे.

१९९४ साली पायथनसाठी स्वतंत्र न्यूजग्रुप सुरू झाला. पुढे केवळ नवशिक्यांसाठी 'ट्यूटर' ही ईमेल यादीही निघाली. जगभरातले अनुभवी लोक तिथे विनामोबदला उत्तरे देत. त्यांची अट एकच: गृहपाठ आम्ही करून देणार नाही, तुम्ही काय करून पाहिले ते दाखवा. पूर्ण एरर मेसेज द्या आणि कोडचा अडलेला तुकडा द्या. अनेकांना ही अट सुरुवातीला तुटक वाटे. पण दूर बसलेल्या अनोळखी माणसाला आपली अडचण समजेल अशा शब्दांत लिहिताना अर्ध्या वेळा उत्तर आपल्यालाच सापडते, हा अनुभव त्यातूनच लोकांना आला.

भारतातल्या सामान्य विद्यार्थ्याला हे दार लगेच उघडले नाही. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यानंतरही बरीच वर्षे इंटरनेट म्हणजे सायबर कॅफेमध्ये तासाच्या हिशेबाने मोजलेला वेळ होता.

५. बंगळुरू आणि दुर्गापूर : शिकणाऱ्यांनी शिकणाऱ्यांना

२००० नंतरचा टप्पा खास भारतीय आहे. इथे मदत करणारे लोक स्वतःच नुकते शिकलेले होते.

पहिले उदाहरण आमच्या कर्नाटकातले. स्वरूप सी. एच. हे बंगळुरूत इंजिनिअरिंग शिकत असताना, २००३च्या सुमारास, त्यांनी 'अ बाइट ऑफ पायथन' लिहायला घेतले. स्वतःच्या एका छोट्या प्रोजेक्टसाठी त्यांना पायथन शिकावे लागले होते. शिकताना जे अडले आणि जे उमगले ते त्यांनी क्रमाने लिहून काढले, आणि ते सर्वांना मोफत वाचता व वाटता येईल अशा परवान्याखाली ठेवले. पुढे अनेक देशांतल्या वाचकांनी त्याची आपापल्या भाषांत भाषांतरे केली.

दुसरे उदाहरण पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरचे. तिथल्या लिनक्स वापरकर्त्यांच्या गटाने, कुशल दास यांच्या पुढाकाराने, २००८ पासून उन्हाळी प्रशिक्षण सुरू केले. वर्ग भरे तो आयआरसीवर, म्हणजे नुसत्या टंकलिखित गप्पांच्या माध्यमातून. चित्र नाही, आवाज नाही. यामुळे अगदी मंद इंटरनेटवरही लहान गावातला विद्यार्थी हजर राहू शके. प्रश्न विचारायचा असेल तर आधी उद्गारचिन्ह टाइप करायचे, नाव पुकारले की मगच विचारायचे. वर्गात हात वर करण्याचीच ही रीत. पाळी येईपर्यंत थांबताना विद्यार्थी आपला प्रश्न पुन्हा वाचत असे आणि नीट करत असे.

२००९ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पहिली 'पायकॉन इंडिया' परिषद झाली. २०११ साली ती पुण्यात भरली. आतापर्यंत पडद्याआड असलेले मदतनीस या परिषदांमुळे समोरासमोर भेटू लागले.

६. पवईचे दोन प्रयोग : भाषा आणि काम

आता भाषेच्या प्रश्नाकडे येऊ. आतापर्यंतची जवळपास सर्व मदत इंग्रजीतून होती. हा अडसर आयआयटी मुंबईत, पवईला, गांभीर्याने घेतला गेला. माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय मिशनमधून केंद्र सरकारने निधी दिला आणि दोन प्रकल्प उभे राहिले.

पहिला 'स्पोकन ट्यूटोरियल'. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालील या प्रकल्पात साधारण दहा मिनिटांचे पाठ तयार होतात. पडद्यावर सॉफ्टवेअर जसे आहे तसे इंग्रजीतच दिसते, निवेदन मात्र मराठी, कन्नड आणि इतर भारतीय भाषांत ऐकता येते. मराठीत पायथन शिकवायचे म्हणजे 'प्रिंट'ला 'छापा' करायचे असे नाही, हे या प्रकल्पाने व्यवहारात दाखवून दिले. आज्ञा इंग्रजीत राहू दे, समजावणे आपल्या भाषेत असू दे. पाठ एका बाजूला चालू ठेवून दुसऱ्या बाजूला स्वतः तेच करून बघायचे, ही इथली शिस्त. पाठ ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी त्याची संहिता एका नवशिक्याकडून तपासून घेतली जाते, ही बाबही लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाठाबद्दलची शंका नोंदवताना ती कितव्या मिनिटाला आणि कितव्या सेकंदाला आली, हे सांगायची सोय आहे. 'अडलं कुठे?' या प्रश्नाचे इतके काटेकोर रूप दुसरीकडे क्वचितच सापडेल.

दुसरा प्रकल्प 'फॉसी', म्हणजे शिक्षणासाठी मुक्त सॉफ्टवेअर. एरोस्पेस विभागातले प्रा. प्रभू रामचंद्रन यांनी त्यातल्या पायथनच्या कामाला दिशा दिली. इथली 'टेक्स्टबुक कंपॅनियन' ही योजना प्रोजेक्ट शोधणाऱ्या विद्यार्थ्याने जरूर समजून घ्यावी. आपल्या अभ्यासातले एखादे प्रमाण पुस्तक घ्यायचे, समजा ऊष्मागतिकीचे, आणि त्यातली सोडवलेली उदाहरणे पायथनमध्ये लिहून काढायची. उत्तर पुस्तकात आहेच, तेव्हा आपले बरोबर आले की नाही ते लगेच कळते. काम तपासले जाई, स्वीकारले गेले तर मानधन मिळे आणि पुढच्या विद्यार्थ्यांना ते मोफत उपलब्ध होई. नवशिक्याच्या आवाक्यातले आणि तरीही दुसऱ्याच्या उपयोगाचे असे हे प्रोजेक्ट आहे.

७. अभ्यासक्रमात पायथन आणि बाजारात प्रोजेक्ट

यानंतर पायथन हौशी मंडळींकडून थेट अभ्यासक्रमात आला. आमच्या विद्यापीठाच्या २०१८च्या योजनेत संगणकशास्त्राच्या पाचव्या सत्राला 'ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट यूजिंग पायथन' हा विषय होता. २०२२च्या योजनेत तर इतर शाखांच्या मुलांनाही पहिल्याच वर्षी पायथनची ओळख करून घेण्याचा पर्याय मिळाला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमातही प्रथम वर्षाच्या सर्व शाखांना पायथनवर आधारित प्रोग्रामिंगचा विषय होता. ॲलन डाउनी यांचे 'थिंक पायथन' आणि अल स्वाइगार्ट यांचे 'ऑटोमेट द बोअरिंग स्टफ' ही क्रमिक पुस्तके म्हणून लावली गेलेली दोन्ही पुस्तके इंटरनेटवर मोफत वाचता येतात. राजारामन यांच्या काळातल्या विद्यार्थ्याला यावर विश्वास बसला नसता.

पण प्रोजेक्टला गुण आले की प्रोजेक्टचा बाजारही येतो. कोणत्याही महाविद्यालयाच्या आसपास फिरा. तयार प्रोजेक्ट, अहवालासह, बांधणीसह, अशा पाट्या दिसतील. हीदेखील 'नवशिक्याला मदत' म्हणूनच विकली जाते. ती दुसऱ्या प्रकारची मदत आहे, मुक्कामी उचलून नेणारी. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक एखादी ओळ बदलून दाखवायला सांगतात आणि तिथे विद्यार्थी गप्प होतो. खरे नुकसान मात्र त्या दिवशीच्या गुणांचे नसते. चार वर्षांत स्वतःची चूक स्वतः शोधण्याची जी एक संधी होती, ती पैसे देऊन गमावलेली असते. ज्या घरात इंजिनिअर होणारे हे पहिलेच मूल आहे, त्या घराला हा सौदा सर्वांत महाग पडतो, कारण नोकरीत त्याची ही उणीव भरून काढणारे घरात दुसरे कोणी नसते.

८. मदत आता यंत्रातूनच

अलीकडच्या काळात मदत यंत्राच्या आत शिरली आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या पायथन ३.१० आवृत्तीत एरर मेसेज मुद्दाम सुधारले गेले. पूर्वी नुसते 'इनव्हॅलिड सिंटॅक्स' म्हणणारा पायथन आता स्वल्पविराम राहिला असावा किंवा कंस बंद केलेला नाही असे सुचवतो. नावाचे स्पेलिंग चुकले तर जवळचे नाव सुचवतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि प्रश्न मराठीत विचारूनही कोड मिळू लागला.

मदतीचा दुष्काळ संपला हे खरे. पण वरच्या बाजारातला तयार प्रोजेक्ट आता फुकटात आणि एका मिनिटात मिळतो, हेही तितकेच खरे. एकच साधन दोन्ही प्रकारची मदत करू शकते. 'मेसच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहून दे' म्हणणारा उचलून नेला जातो. 'या ओळीत बेरीज अशी का येते, फक्त कारण सांग' म्हणणाऱ्याची गाडी ढकलली जाते.

९. इतिहास इथे उपयोगी पडतो

एक छोटे उदाहरण घेऊ. मेसचे बिल काढायचे आहे. विद्यार्थ्याने स्वतःची २६ ताटे आणि पाहुण्यांची २ ताटे 'इनपुट'ने घेतली आणि बेरीज केली. उत्तर २८ यायला हवे, आले २६२. एरर काहीच नाही. कारण असे: पायथन ३ मध्ये 'इनपुट' जे देतो तो मजकूर असतो, संख्या नसते, आणि मजकुराची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणे. 'इंट' वापरून आधी संख्या करून घ्यावी लागते. पायथन २ मध्ये मात्र 'इनपुट' टाइप केलेल्या आकड्याची संख्याच करून देत असे. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आला आणि पायथन २चा आधार १ जानेवारी २०२० रोजी थांबला. त्या अकरा वर्षांत लिहिलेली असंख्य पुस्तके आणि उत्तरे दोन्हींपैकी कोणत्या आवृत्तीची आहेत हे पाहिल्याशिवाय घेतली, तर बरोबर असलेले जुने उत्तर आज चुकीचे ठरू शकते.

आता "सर, रन होत नाही" हे वाक्य आपण वरील इतिहासाच्या आधारे पुन्हा लिहू शकतो. मदत मागण्यापूर्वी पुढील पाच गोष्टी वहीत लिहा, मराठीत लिहिल्या तरी चालेल.

(अ) काय व्हायला हवे होते? कागदावर ड्राय रन करून अपेक्षित उत्तर लिहा. ही कानपूरची शिकवण.
(आ) प्रत्यक्षात काय झाले? एरर असेल तर त्याची शेवटची ओळ आधी वाचा, कारण चुकीचा प्रकार तिथे असतो. ओळीचा क्रमांक तिच्या वर सापडतो.
(इ) चूक दाखवणारा सर्वांत छोटा तुकडा कोणता? दोनशे ओळींतून पाच ओळी वेगळ्या काढा. नागपूरच्या पुस्तकातले स्वाध्याय असेच छोटे असत.
(ई) पायथनची आवृत्ती कोणती, आणि वाचलेले उत्तर कोणत्या आवृत्तीचे?
(उ) आतापर्यंत काय करून पाहिले? ट्यूटर यादीची हीच अट होती.

हे लिहून झाल्यावर शिक्षकाला विचारा, मित्राला विचारा किंवा यंत्राला विचारा. मिळालेले उत्तर वही मिटून स्वतः पुन्हा टाइप करा आणि एक ओळ बदलून काय होते ते पाहा.

१०. सारांश

१९६०च्या दशकात यंत्राचा वेळ दुर्मीळ होता, १९९०च्या दशकात घरी मिळणारी मदत दुर्मीळ होती आणि त्यानंतर आपल्या भाषेतले समजावणे दुर्मीळ होते. कानपूर, नागपूर, बंगळुरू, दुर्गापूर आणि पवई येथील लोकांनी आपापल्या परीने ही उणीव भरून काढली. त्यांच्या पद्धती वेगळ्या होत्या, तरी विद्यार्थ्याने आपली अडचण नेमकी मांडावी ही अपेक्षा सर्वत्र कायम राहिली. आज उत्तरे भरपूर आहेत. नेमका प्रश्न मात्र अजूनही विद्यार्थ्यालाच तयार करावा लागतो.

स्वाध्याय

१. पंचकार्डांच्या काळात ड्राय रन का आवश्यक होता? आज त्याचा उपयोग कोणता?
२. स्पोकन ट्यूटोरियलमध्ये पडदा इंग्रजीत आणि निवेदन भारतीय भाषेत ठेवण्याचे फायदे-तोटे लिहा.
३. मेसच्या बिलाचा प्रोग्राम पायथन ३ मध्ये लिहा. ताटे आणि दर दोन्ही 'इनपुट'ने घेऊन, 'इंट' न वापरता त्यांचा गुणाकार केल्यास काय होते ते पाहा आणि एररची शेवटची ओळ मराठीत समजावून सांगा.
४. तुमच्या चालू प्रोजेक्टमधली एक अडचण घ्या आणि वरील पाच मुद्द्यांनुसार एका पानात मांडा. लिहिताना उत्तर सापडले, तर ते कोणत्या मुद्द्याशी आले तेही नोंदवा.